घरून आणलेली खुर्ची

चौसाळ्यातलं माझं टायरचं दुकान मी शून्यातून उभं केलं, पण पेपरात फोटो येतो माझ्या एका गिऱ्हाइकाचा. तो चाकाच्या खुर्चीवरून शर्यती जिंकतो. दुकानात आला की आधी चाकं पुसतो, मग तोंड. ट्यूब घेताना भाव सांगितला की मुकाट मान डोलावतो. घासाघीस न करणारा माणूस मला सलतो.

दुष्काळात गाव टँकरची वाट बघायचं, हा हमरस्त्यावर सराव करायचा. मी म्हटलं, "प्यायला पाणी न्हाई अन् घाम काहून गाळतोस बे?"

"घामाला टँकर लागत न्हाई, मालक."

गावच्या शेतकी सोसायटीने त्याचा सत्कार ठेवला. त्या मंचावर बसायला मिळावं म्हणून मी दोनदा सोसायटीची निवडणूक लढवून पडलो होतो. त्याला चौघांनी चाकांसकट उचलून वर नेलं. चेअरमनशेजारी त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली बघून तो हसला.

"मी माझी घरूनच आणतो, साहेब. ही आमच्या मालकांना द्या. लई दिवसांची इच्छा हाय त्यांची."

सभा हसली. 'नको' म्हणायला मी उठलो, पण पाय पायऱ्या चढून गेले. खुर्चीत मी बसलो आणि टाळ्या त्याला पडल्या.