लेस, बोंबील आणि माझा डावा हात

माझ्या सासूबाई दोन प्रकारच्या बायकांना माणसात धरत नाहीत: मीटरवर लेस विकत घेणाऱ्या आणि डाव्या हाताने वाढणाऱ्या. पहिल्या प्रकारात मोडतात त्यांच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे शेजारच्याच घरात राहणाऱ्या आमच्या काकी. दुसऱ्या प्रकारात मी.

मी नगरकडची. लग्न होऊन वटारला आले आणि पहिल्याच पंगतीत पाहुण्यांना डाव्या हाताने भात वाढला. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्याकडे उजव्या हाताने वाढतात." जसं काही आमच्या नगरला पायाने वाढतात! तेव्हापासून चहा देताना, मीठ देताना, रिक्षावाल्याला पैसे देतानासुद्धा माझ्या मागे "उजवा हात, उजवा हात" असा घोष चालू असतो. त्या बोलतात गावच्या बोलीत. मी इथे ते माझ्या शाळेतल्या मराठीत लिहितेय, त्यामुळे निम्मं तिखट गेलंच म्हणून समजा.

आमच्या आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते आणि दर दिवशी एकेका घराची पाळी असते. ज्यांची पाळी त्यांनी क्रुसापुढे टेबल मांडायचं, त्यावर घरचं कापड घालायचं, पवित्र मरियेची मूर्ती ठेवायची, मोगऱ्याचे हार करायचे आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. ऐकायला मोठं भक्तिभावाचं वाटतं. प्रत्यक्षात निम्म्या बायकांचे डोळे मरियेवर नसतातच, ते टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या लेसवर असतात.

त्या लेसच्या राज्यात आमच्या सासूबाईंचा शब्द शेवटचा. आळीतल्या कितीतरी पोरांच्या बाप्तिस्म्याच्या टोप्या त्यांनी क्रोशाने विणलेल्या. गेल्या वर्षी काकींनी माणिकपूरच्या दुकानातून लेस आणली आणि मशीन मारून कापडाला लावली. सासूबाई चणे खात खात, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हल्ली भक्तीसुद्धा मीटरवर मिळते." काकींनी ते वाक्य वर्षभर जपून ठेवलं आणि आमच्या पाळीची वाट बघत बसल्या.

आणि यंदा नेमकं सासूबाईंचं नवीन कापड अर्धवट राहिलं. तीन बाजूंना लेस लागली, चौथी कोरी. ईस्टरच्या आधी एका रविवारी त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "माझे डोळे साथ देत नाहीत. चौथी बाजू तू करायची. आणि काकीला कळता कामा नये."

मी माणिकपूरला एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर बडवते. क्रोशाच्या सुईबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या टोकाला आकडा असतो. मी म्हटलं, "आई, पण मी डावखुरी."

"हे तू मला सांगतेस?" त्या म्हणाल्या.

सुरुवातीला त्या माझ्या शेजारी बसून शिकवत. त्यांचा उजवा हात, माझा डावा. त्या दोरा इकडून ओढायच्या, माझा तिकडे जायचा. सुई उजव्या हातात धरून बघितली तर घास कानात चालल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातली गोरी बाई हसत हसत सांगत होती की हे अगदी सोपं आहे, कोणालाही जमेल. त्या बाईला एकदा वटारला आणून सासूबाईंपुढे बसवावं अशी माझी फार इच्छा आहे. सासूबाईंनी मोबाईल पालथा घातला. "तुझं चुकलं तर ही उसव म्हणते का? नाही ना? मग शिकवते कसली, डोंबल!"

उसव! हा त्यांचा लाडका शब्द. आधी दोऱ्याच्या फाशांची साखळी घालायची, मग तिच्यावर उभे टाके घालायचे, त्यांना खांब म्हणतात. साखळी सैल झाली, उसव. खांब बुटका झाला, उसव. दर ओळीचा शेवटचा खांब माझ्याकडून हमखास सुटायचा, त्यामुळे पट्टी चालू करायची चौकोनी आणि संपायची त्रिकोणी. "छान," सासूबाई म्हणाल्या. "समोसा झाकायला होईल." नवरा डोकावला आणि म्हणाला, "हे काय, गलोल?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने वाडीतल्या केळींना पाणी द्यायला गेला. त्या केळींना सकाळीच पाणी दिलेलं होतं.

मग एके दिवशी सासूबाईंचा पारा फारच चढला. शेजारी बसून नीट ओरडता येत नाही म्हणून त्यांनी खुर्ची उचलली आणि माझ्या पुढ्यात आणून आदळली. गुडघ्याला गुडघा. आणि काय सांगू, त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हाताच्या बरोब्बर समोर आला, आरशात यावा तसा. त्यांनी सुई घातली, मी घातली. त्यांनी दोरा ओढला, मी ओढला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी अशा समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. कायम मी ओट्यापाशी आणि त्या माझ्या पाठीमागे, सूचना द्यायला.

आता मी डोकं बाजूला ठेवून नुसती नक्कल करायला लागले. खांब भराभर उभे राहिले. सुई भोकात घालण्याआधी त्या ती जराशी हलवत होत्या, तशी मीही हलवली. चांगली दणकून हलवली. म्हटलं, "आई, हे असं हलवायचं ते दोरा मोकळा व्हावा म्हणून का?"

त्यांनी सुई मांडीवर ठेवली.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या. "ते शिकू नकोस."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. सुई नव्हती, तरी हात हलत होता. डोळ्यांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं, हात थरथरत होता. कपबशी सोडून त्या स्टीलच्या पेल्यातून चहा का पितात, हात सदानकदा पदराखाली का असतो, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. चर्चमध्ये त्या कम्युनियनचा प्रसाद हातावर घ्यायचं सोडून जिभेवर घ्यायला लागल्या, तेव्हा अख्खी आळी म्हणाली की बाईंची भक्ती वाढली. मीही म्हटलं होतं!

"डॉक्टरांना दाखवलं?" मी विचारलं.

"गोळ्या चालू आहेत. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या सासूचा हात असाच झाला होता. लोक वाईट नव्हते गं. जो तो म्हणायचा, तुम्ही बसा. कोणी हातातून विळी घेतली, कोणी डाव घेतला. बसवून बसवून संपवली तिला. मला बसायचं नाही."

मला फार वाईट वाटलं आणि तितकाच त्यांचा रागही आला. असं काही सांगून ठेवल्यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

पट्टी जवळजवळ झाली तेव्हा एका संध्याकाळी काकी मागच्या दाराने कढीपत्ता मागायला आल्या. लपवायला वेळ नव्हता. हाताला लागला त्या डब्यात मी लेस कोंबली आणि झाकण लावलं. डबा सुक्या बोंबलांचा निघाला. काकी कढीपत्त्यासाठी आल्या आणि दोन घरांच्या सोयरिकी, एका घराची भांडणं असं सगळं सांगून गेल्या, तोवर लेस छान मुरली. मग ती साबणाने धुतली, निळीत बुडवली, उन्हात वाळवली. "आता वास येत नाही," मी म्हटलं. सासूबाईंनी हुंगून बघितलं. "माणसांना येणार नाही," त्या म्हणाल्या.

पाळीच्या आदल्या दिवशी पट्टी कापडाला लावली. झाली एकदाची, पण काय झाली! बाकीच्या तीन बाजूंचे खांब एका अंगाला झुकलेले, माझे दुसऱ्या अंगाला, त्यातही कुठे दाटी, कुठे खिंडार. मी म्हटलं, "उसवते." सासूबाईंनी पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे." माझा कानांवर विश्वास बसेना. "ही बाजू मागे घालू. मागे जाऊन कोण बघतंय?"

मांजर. दुसऱ्या दिवशी रोझरी सुरू झाली आणि ते कुठूनसं आलं, टेबलामागे गेलं आणि माझ्या लेसखाली मान वर करून बसलं. इतकं एकाग्र त्या दिवशी क्रुसापाशी दुसरं कोणीही नव्हतं. शेवटची लांबलचक प्रार्थना, लितानी, संपेपर्यंत त्याने धीर धरला. मी चण्यांचं पातेलं घेऊन पुढे आले आणि त्याने लेसला पंजा मारला. काकी "शुक शुक" करत धावल्या, वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अगं बाई!" त्यांचा आवाज नुसता उजळला. "तीन बाजू एका हाताच्या, आणि ही चौथी कोणाची, जाऊबाई? सूनबाईंची वाटतं! त्यापेक्षा मीटरवर घेतली असती तर काय वाईट होतं?"

बायका चण्यांसाठी पुढे आलेल्या, त्या जागच्या जागी थांबल्या. मी तोंड उघडलं. माझीच आहे असं सांगून टाकणार होते. चार टोमणे खायची मला सवय आहे, सासूबाईंचा हात तरी झाकलेला राहिला असता.

"माझीच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदराखालून उजवा हात काढला, माझ्या पातेल्यात घातला, मूठभर चणे घेतले आणि काकींच्या पुढ्यात धरले. सगळ्या आळीसमोर. हात थरथरत होता, चणे एकेक करून चौथऱ्यावर पडत होते आणि त्या हात मागे घेत नव्हत्या. "हे बघ. असा झालाय हात माझा. असल्या हाताने असंच विणलं जातं."

खरं सांगते, मला आधी संतापच आला. उन्हाळाभर बोटं सोलून घेतली मी आणि नाव लागलं यांचं! मग डोळे भरून आले आणि पातेलंसुद्धा नीट दिसेना.

काकींचा चेहरा पडला. त्या पुढे झाल्या, सासूबाईंच्या खांद्याला धरलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "जाऊबाई, तुम्ही बसा. मी वाटते."

"मला काय धाड भरलीय बसायला?" सासूबाईंनी त्यांचा हात झटकला आणि माझ्याकडे वळल्या. "सून वाटेल."

मी सवयीने उजवा हात पातेल्यात घातला. घाईत मूठ नीट मिटली नाही, दोन-चार चणे खाली सांडले.

"त्या हाताने नको," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताने वाट."

मी पातेलं दुसऱ्या काखेत घेतलं आणि डाव्या हाताने पहिली मूठ काकींना दिली.