ताईच्या टाकीतले बुडबुडे

साताऱ्याच्या मंडईत सुक्या मासळीचा वास आला, की मला सांगलीतली ताईची बैठकीची खोली आठवते. दाजी गेल्यावर त्यांची खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची टाकी तीच सांभाळत होती. प्रवाळं पांढरी पडू लागली, तेव्हा मीही मासे पाळतो म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारा स्किमर टाकीमागे जोरात चालला होता, आणि त्याच्या वाटीतल्या तपकिरी फेसाला उग्र वास येत होता. "ताई, पाणी लय निर्मळ झालंय. थोडी घाण लागते ह्यांना, तेच ह्यांचं खाणं. रोज दोन-चार तास चालवलास तरी पुरे," म्हणत मी बटण बंद केलं. खोली एकदम गप्प झाली. ताईचा चेहरा पडला. "चालू कर रं," ती म्हणाली. "त्यांच्या उशाशी ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी शेवटपर्यंत असंच बुडबुडायचं. हे थांबलं की ते पुन्ना गेल्यावानी वाटतंय." मी बटण दाबलं. त्या उन्हाळ्यात सगळी प्रवाळं मेली. आता टाकीत नुसतं पाणी आहे, तरी फोनवर ताईच्या बोलण्यामागे बुडबुडे ऐकू येतात.