पोलिसांचा पहारेकरी

गल्लीत त्याला सगळे फौजदार म्हणत. त्यातली चेष्टा याला कळत नाही असं त्यांना वाटे. त्याला ती चांगली कळत असे. तो एका सिक्युरिटी कंपनीचा गार्ड होता आणि त्याची ड्युटी होती पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या गाड्यांवर. पोलिसांना माणसं पुरेनात, म्हणून पोलिसांच्याच आवाराची राखण खासगी कंपनीला दिलेली. म्हणजे गावाला सांभाळणार पोलीस आणि पोलिसांच्या सामानाला सांभाळणार आमचा फौजदार, एक शिट्टी आणि एक काठी घेऊन. त्यातली काठीही कंपनीची नव्हे, घरून आणलेली.

तरी शेजाऱ्यांना वाटायचं, याची आत वट आहे. कुणाचा भाचा लायसन्सवाचून पकडला गेला की मंडळी याच्या दारात हजर. वट एवढीच होती, की आतला चहा उरला तर खिडकीतून "ए सिक्युरिटी" अशी हाक यायची.

अशात त्याच्या बायकोची स्कूटर चोरीला गेली. ती शाळेचे गणवेश शिवून एका दुकानाला द्यायची आणि कपड्यांचे गठ्ठे त्या स्कूटरवरूनच जायचे. थोड्याच दिवसांत चोर सापडला, स्कूटर सापडली, आणि एका दुपारी ती टेम्पोत बसून थेट याच्याच आवारात आली. यानेच हात लावून खाली उतरवली.

"आमचीच आहे ही!" तो हरखून ओरडला.

"तुमची होती," जप्तीचा माल सांभाळणारे हवालदार म्हणाले. "आता ती मुद्देमाल आहे. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत हात लावायचा नाही, आणि पासाशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. आणि डोळ्यात तेल घालून बघ. एक नट जरी गेला तरी तुझ्या कंपनीला जाब विचारीन."

झालं! तेव्हापासून हा गृहस्थ दिवसभर स्वतःच्या स्कूटरवर पहारा द्यायचा आणि संध्याकाळी पाय ओढत घरी यायचा. बायको गठ्ठा खांद्यावर मारून दुकानापर्यंत चालत जायची. खांदा धरला, माल उशिरा पोचायला लागला.

"दिवसभर माझ्या स्कूटरशेजारी बसता आणि हात हलवत घरी येता," ती म्हणायची. "चोराकडे होती तेव्हा निदान आशा तरी होती."

त्याने कंपनीच्या सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "हे बघ, पोलीस आपलं गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही. ड्युटीवर असताना तू गार्ड, तक्रारदार नव्हे." हवालदारांना विचारलं तर ते म्हणाले, "तू कंपनीचा माणूस, कंपनीमार्फत बोल." दोघांनीही हात झटकले, तेही एकमेकांकडे बोट दाखवून.

शेवटी बायकोच कोर्टात खेटे घालून हुकूम घेऊन आली. स्कूटर मालकिणीला परत द्यावी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. हवालदारांनी तो वाचला, टेबलाच्या खणात सारला आणि म्हणाले, "साहेबांची सही राहिलीय. उद्या या." मग रोज उद्या. इकडे दुकानदाराने सांगून टाकलं, सोमवारी माल वेळेवर आला नाही तर काम दुसऱ्या बाईला देणार.

आता साहेबांची गाडी रोज सकाळी याच्याच फाटकातून आत यायची. हा खाडकन सलाम ठोकायचा, साहेब मान हलवायचे. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, माझी एक सही आहे. पण हा नुसतं फाटक लावून घ्यायचा. चीड येते अशा माणसाची! बरं, स्कूटरची हयगय केली म्हणावं तर तेही नाही. प्लास्टिकने झाकायचा, चाकात हवा भरायचा, दर रविवारी हवालदारांची पाठ वळली की बायकोकडून आणलेल्या दुसऱ्या किल्लीने चालू करून बघायचा.

सोमवारी ती गठ्ठा घेऊनच ठाण्यात आली. हवालदारांच्या खोलीतून 'उद्या' ऐकून बाहेर पडली, पण घराकडे वळली नाही. तरातरा स्कूटरपाशी गेली, प्लास्टिक ओढून काढलं, गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि किल्ली फिरवली. स्कूटर पहिल्या झटक्यात चालू झाली. चालू होणारच, यानेच तर ती तशी ठेवली होती.

ती फाटकाशी आली आणि याने फाटक लावलं. मनात काही यायच्या आत हातांनीच लावलं.

"उघडा."

"पास?" तो बोलून गेला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, कोर्ट हो म्हणालं. इथले सगळे उद्या म्हणतात. नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कडीवरचा हात काही निघेना. तेव्हा तिने हॉर्नवर अंगठा दाबला आणि तसाच ठेवला. ठाण्याच्या खिडक्या माणसांनी भरल्या. हवालदार धावत आले. "ए सिक्युरिटी, बंद कर तो!"

"हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलंय," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत तो प्रथमच हवालदारांना उलटून बोलला.

साहेब एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट अशा अवस्थेत बाहेर आले. अंगठा न काढता तिने दुसऱ्या हाताने पिशवीतून हुकुमाची नक्कल काढून त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी ती वाचली, तेव्हा कुठे तिने अंगठा काढला. "मग दिली का नाही अजून?"

"आपली सही..." हवालदार पुटपुटले.

"हुकूम माझ्यापुढे आणला होता?"

हुकूम अजून खणातच होता. साहेबांनी स्कूटरच्या मागच्या सीटवर कागद टेकवला आणि उभ्याउभ्या सही केली. हेच फाटकातला माणूस कुठल्याही सकाळी मागू शकला असता. त्याने फाटक उघडलं. ती समोर बघत निघून गेली आणि सवयीने याचा हात सलामाला वर गेला.

दुपारी सुपरवायझरचा फोन. "शाब्बास! सख्ख्या बायकोलाही पासाशिवाय सोडलं नाहीस म्हणून साहेबांनी कौतुक केलं. गिऱ्हाईक खूश आहे." त्याला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

संध्याकाळी तो चालतच घरी आला. स्कूटर दारात उभी होती. माल वेळेवर पोचला होता, काम टिकलं होतं. बायको मशीनवर पुढच्या गणवेशाची कॉलर लावत होती. त्याने हातपाय धुतले, जेवला, ताट विसळून ठेवलं. मग जवळ जाऊन, अवघडल्यासारखा उभा राहून म्हणाला, "अगं, सकाळी मला ड्युटीवर सोडशील का? स्कूटरवरून?"

तिने मशीन थांबवलं.

"पास?" तिने विचारलं. हसली मात्र नाही.