घाटावर मोठ्यानं बोलणारे आबा

"पाणी वाढलंय गं! पायरीवर शेवाळ हाय, जपून ये!"

भल्या सकाळी भोसले घाटावर हे खडं मराठी कानावर पडलं आणि मी चालता चालता थांबले. बँकेच्या बदलीनं बनारसला आल्यापासून माझं मराठी फोनपुरतंच उरलं होतं. पाहते तर धोतर नेसलेले, खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारे. सोबत कुणीच नव्हतं.

"पागल हैं मैडम," नावाडी म्हणाला, "दिनभर अपने आप से बतियाते हैं."

तुम्हीही असंच समजून पुढे गेला असता. पण ते माझ्याकडेच वळले. "मराठी न्हवं का?"

"कसं ओळखलंत?"

"समजलं म्हणून थांबलासा. बाकी कोण थांबतंय?"

माणदेशातले मेंढपाळ. गावच्या लोकांबरोबर बायकोला घेऊन काशीला आलेले. पारूबाईंना विसर पडायला लागला होता. बालाजी घाटाजवळच्या गर्दीत हात सुटला आणि त्या दिसेनाशा झाल्या. गावकरी शोधून थकले, परत गेले. आबा राहिले.

"त्वांड बघून वळखत न्हाई ती मला. आवाजावर येती. मग बोलत ऱ्हायाचं."

बोलणं तरी काय? कोकराला पाणी दाव. भाकरी करपली बघ. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, या घाटावरून त्या घाटावर. चहावाल्यालाही ते मराठीतच सांगत, "साखर कमी घाल," आणि तो बरोबर घालायचा.

पोलीस चौकीत मी त्यांच्याबरोबर जाऊन आले. हवालदारांनी बसवून घेतलं, ऐकून घेतलं. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

थंडीत कुणीतरी बातमी आणली, निराधार बायकांच्या एका आश्रमात एक म्हातारी मराठी बोलते. आबांनी दाढी करून घेतली. ऑटोत ते एक शब्द बोलले नाहीत. आश्रमाच्या दारात मात्र त्यांनी हाक मारली, "पारे, ऊठ. घरला जायचंय."

कोपऱ्यातली म्हातारी धडपडत उठून बसली. "दादा! किती रे उशीर केलास!"

ती पारूबाई नव्हती.

आबा तसेच उभे राहिले. मग ते हळूहळू तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई बरी हाय का?" तिनं विचारलं.

"बरी हाय."

"आन् म्हस?"

"व्याली. रेडी झाली."

ती त्यांचा हात धरून झोपी गेली, तेव्हा कुठे आम्ही निघालो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हिचाबी कुणी असंलच की ताई. त्यो का हाका मारंना?"

त्यानंतर त्यांचा आवाज बसत गेला. माझ्या फोनवरून त्यांच्या मुलाला कळवलं. तो आला, आधी चिडला, मग रडला. "आई गेली असं धरा, आबा. आता तुमी तरी चला." आबांनी वाद घातला नाही. गाडी सुटली तेव्हा ते माझ्याकडे न बघता पलीकडच्या फलाटावरच्या बायका न्याहाळत होते.

मुलाचा अधूनमधून फोन येतो. आबा जेवतात, मेंढरांमागे जातात. बोलत नाहीत. मेंढरांशीही नाही.

मी सुट्टीच्या दिवशी आश्रमात जायचे. म्हातारी विचारायची, "दादा कवा येनार?" मी म्हणायचे, "निघालाय." पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं. नुसती दाराकडे बघायची.

परवा गेले, तर त्या कोपऱ्यात दुसरीच बाई बसली होती.