वेळेअभावी

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळी दहा, वाचनालयाचं सभागृह. उपस्थित: साने सर, बापट वहिनी, दोन गझलकार आणि नोंदवही घेऊन मी. शिवाय देसाईकाकू; आमचे देसाई गेल्या महिन्यात वारले, त्यांच्या पत्नी.

आमच्या या साहित्यकट्ट्यावर प्रत्येकजण आपलं वाचायला येतो. देसाई मात्र "आधी तुमचं होऊ द्या" म्हणत सगळ्यांचं ऐकायचे, आणि त्यांची पाळी येईपर्यंत सभागृह रिकामं करायची वेळ व्हायची.

"यांच्या कथेला इथे फार टाळ्या पडायच्या ना?" काकूंनी विचारलं. "मी म्हणायचे, टाळ्या आणता, मग कोथिंबीर कशी विसरता हो?"

मी वही उघडली. देसाईंच्या नावापुढे दर महिन्याला माझ्याच अक्षरात एकच शेरा होता: वेळेअभावी पुढील वेळी.

"हो काकू, पडायच्या," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून कथेचे कागद काढून माझ्या हातात दिले. "मला एकदा वाचून दाखवाल? घरी कधी वाचलीच नाही त्यांनी." "घरी येऊन वाचते," म्हणत मी कागद वहीत ठेवले.

ऐकणारं माणूस घरीच होतं, आणि देसाई आमच्या दारात ताटकळत राहिले.

त्या रविवारी वहीत लिहून घेतलेली बाकीची कामं झाली. काकूंकडे जाऊन कथा वाचणं राहिलंय. घरी सराव करते, पण पहिल्या ओळीपुढे आवाज जात नाही.