फुगडी नव्हे, पिंगा

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. शेजारच्या काकूंच्या स्कीच्या बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबते आहे. बूट ओलेचिंब आहेत आणि त्यांच्या घरात वाळत घालायला जागा नाही. सगळीकडे पॅकिंगचे खोके.

जगात तोल सांभाळण्याबद्दल जेवढं म्हणून कळायचं तेवढं आपल्याला फुगडीतून कळलेलं आहे, अशी या काकूंची समजूत आहे, आणि ती मोडून काढणारा माणूस इथे अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरमध्ये, अजून जन्माला यायचा आहे. बसमध्ये दांडीला लटकून डुलणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याला त्या अस्सल नागपुरीत पाय कसे रोवायचे ते सांगतात, आणि तो बिचारा खरंच रोवतो. घरी आलेला पाहुणा खुर्चीवर टेकून मोजे घालू लागला की म्हणतात, "बसून काहून घालून राहिले? उभ्यानं घाला ना!" माझ्या नवऱ्याने एकदा ऐकलं आणि चपलांच्या रॅकसकट खाली आला. "कंबर कच्ची आहे," एवढाच निकाल मिळाला. मंगळागौरीला मंडळाच्या हॉलमध्ये त्यांच्याशी फुगडी घालायला भल्याभल्या बिचकतात. मीच काय ती टिकते. पासष्टी ओलांडलेली ही बाई अशी काही मागे रेलते की आपले खांदे आता निखळणार असं वाटतं, आणि वर हसत असते.

नात शाळेच्या स्की क्लबात जायला लागली तेव्हा काकू तिला सोडायला म्हणून गेल्या आणि स्वतःच पायांना फळ्या बांधून घेतल्या. मुलगा हादरला. "आई, यार, हाड मोडलं म्हणजे?" "यार कोणाले म्हणतो रे?" म्हणून त्यांनी विषय संपवला. टेकडी बघून म्हणाल्या, "एवढीशी? आमचं रामटेक किती मोठं आहे!" पहिल्याच उतारावर शिकवणारी बाई ओरडायला लागली, "पिझ्झा! पिझ्झा!" फळ्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब असा त्रिकोण केला की वेग कमी होतो, म्हणून इथे नवशिक्यांना तसं सांगतात. काकू ओरडल्या, "चतुर्थी आहे माझी आज!" आणि थेट कडेच्या जाळीत गेल्या. अर्थ कळल्यावर मात्र तो शब्द त्यांना इतका आवडला, की हायवेवर मी जरा जोरात निघाले की शेजारच्या सीटवरून हुकूम येतो, "पिझ्झा कर, पिझ्झा!"

मुलाला आईचं पडणं बघवत नाही, म्हणून रविवारी त्यांना मी नेते. मी स्वतः स्की करत नाही. थर्मास घेऊन खाली उभी राहते; कोणीतरी राहायला हवं. काकूंचं पडणं आगाऊ सूचना देऊन असतं, "चालली मी, बाप्पाऽ!" मग जाकिटाच्या खिशातला चिवडा बर्फावर पसरतो. त्या आधी चिवड्याची चौकशी करतात, मग गुडघ्याची. लहान उतारावर त्या चांगल्या रुळल्या. पण लिफ्टने टोकावर जाऊन तिथून खालपर्यंत उभ्याने आल्या असं कधीच घडलं नाही. वाटेत कुठेतरी बसकण ठरलेली.

या जानेवारीत मुलाला कॅलिफोर्नियात फ्रीमाँटची नोकरी लागली. मार्चमध्ये सगळ्यांनी निघायचं. तिथून बर्फ गाठायचा तर चार तास गाडी हाकायची, आणि हाकणार कोण? "एकदा वरून उभी उतरू दे, मग कुठंही न्या मले," असं काकू म्हणायला लागल्या. चेष्टेने नाही.

गोम गेल्या रविवारी कळली. नात मागून ओरडत होती, "आजी, यू आर सिटिंग!" "मी कुठं बसली? उभीच तर आहे!" मी खालून बघत होते. ते रेलणं माझ्या मनगटांच्या ओळखीचं होतं. उतार आला की काकू फुगडी घालत होत्या! सगळा भार टाचांवर. पुढची टोकं हलकी झाली की फळ्या वळायचं नाव घेत नाहीत, सुसाट सुटतात.

मी म्हटलं, "काकू, फुगडीत मागे रेलता येतं कारण समोरचीने हात धरलेले असतात. इथे समोर कोण आहे?"

काकूंनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "मंग काय करू?"

"पिंगा घाला. गुडघे वाकवून, पुढे झुकून."

पार्किंग लॉटमध्ये, पायात ते जड बूट घालून, त्यांनी लगेच पिंगा सुरू केला. आजूबाजूच्या गाड्यांमधली माणसं काचा खाली करून बघत होती.

आज त्या नातीबरोबर लिफ्टने वर गेल्या. खालून दोघी ठिपक्याएवढ्या दिसत होत्या. मग मोठा ठिपका निघाला. डावीकडे आडवा, वळून उजवीकडे आडवा, सरळ खाली मुळीच नाही. गुडघे वाकलेले, हात पुढे. निम्म्यावर टणक बर्फाचा उंचवटा आला आणि काकूंचे खांदे मागे जायला लागले. "पिंगाऽ!" मी ओरडले. आपण कुठे आहोत, कोण ऐकतंय, काही सुचलं नाही. खांदे पुढे आले. फळ्या वळल्या. शेवटी भला मोठा पिझ्झा करत त्या थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"उभी आहे ना मी?"

"उभ्या आहात."

"यू डिड इट, आजी!" नात मागून येऊन थडकली.

"डिड इट काय, पाणी दे आधी," काकू म्हणाल्या. हात मात्र सोडले नाहीत. आज चिवडाही सांडला नव्हता. तो तिथेच उभ्याने संपवला. परतीच्या वाटेवर गाडीत त्या एकदाही पिझ्झा म्हणाल्या नाहीत, आणि मी आपणहून हळू चालवत होते.

सोमवार सकाळ. वाळलेले बूट घेऊन गेले. काकू कढया कागदात गुंडाळत होत्या. "ठेव तुझ्याकडेच," मान वर न करता म्हणाल्या, "तिथं काय उन्हात घालू?" घरी येऊन दारातच पाय घालून पाहिले. अर्धा नंबर मोठे. आत जाऊन जाड मोजे आणले, उभ्यानेच घातले, आणि बूट पुन्हा घालून पाहिले.