मामेसासऱ्यांचे पाय

देवाने माणसांना वेदना वाटल्या, तेव्हा माझे मामेसासरे बहुधा तळ्यावर गेले असावेत. भद्रावतीजवळच्या त्यांच्या गावात कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे काढतात, आणि त्या फळांचे काटे पायात घुसले की भलेभले एका पायावर नाचतात. मामाजी मात्र अनवाणी अशा ऐटीत फिरायचे, की स्वतःच्या लग्नातही ते इतक्या ऐटीत चालले नसतील. तळ्याकडे बोट दाखवून "तयं ओयखते मले," एवढंच सांगायचे. सगळ्या गावाने ते मानलं होतं. मी तर पाहुण्यांना मोहर्लीच्या जंगलात वाघ दाखवायला नेण्याआधी मामाजींचे पाय दाखवत असे.

हार्ट अटॅकसुद्धा त्यांना न दुखता आला. चंद्रपूरच्या बाजारात मासे विकता विकता घामाने निथळले, तर टोपली रिकामी करूनच दवाखान्यात गेले. कार्डिओग्राम पाहून डॉक्टरांचा चेहरा पडला, तर हेच विचारतात, "काऊन साहेब, तुमाले बरं वाटत नाई का?" हृदयात स्टेंट घालून परतले आणि गावात त्यांचा दरारा आणखी वाढला. पुढे तपासणीला उपाशीपोटी यायला सांगितलं, की हे आदल्या सकाळपासूनच महाशिवरात्रीसारखा कडक उपास धरायचे आणि वर भद्रावतीपर्यंत पायी जायचे. साहजिकच रक्तातली साखर बेताची निघायची. "माह्या रगतात साखर कुठून येईन? मी तं च्या बी गुयाचाच पेतो!" असं म्हणत घरी येऊन मोहफुलांचे लाडू हाणायचे, आणि तांब्यामागून तांबे पाणी प्यायचे. आम्ही त्या तहानेचंही कौतुकच केलं.

यंदा शिंगाड्याच्या दिवसांत ते तळ्यावरून थेट आमच्याकडे आले. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती. ती पाहून मामाजीच कडाडले, "अरे, कोनाच्या पायाले लागलं, पाहा ना!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. माझी बायको तेवढी हसली नाही. तिने मामाचा पाय मांडीवर घेतला. टाचेत काटा मोडलेला होता, आणि त्याच्या शेजारी एक जुनी, काळी पडलेली जखम होती.

हृदयाच्या डॉक्टरांनी या वेळी आधी पाय पाहिला. ग्लुकोजचं पाणी पाजून पुन्हा रक्त घेतलं, आणि साखर बाहेर पडली. वर्षानुवर्षं ती आत बसून नसा जाळत होती. म्हणून काटा कळला नाही, म्हणून छातीही दुखली नाही. पाय कापावा लागेल की काय, या धास्तीत आम्ही कित्येक आठवडे काढले. शेवटी पाय वाचला, पण तळं कायमचं बंद झालं. मला अजूनही त्या माणसाचा अचंबा वाटतो. फक्त ज्या गोष्टीचा मी गावभर डंका पिटला, ती आता कुणा पाहुण्याला सांगत नाही.

परवा मी त्यांच्याबरोबर तळ्याच्या पाळीवर बसलो होतो. मामाजींच्या पायात जाड बूट होते. पाण्यात एक बाई शिंगाडे काढता काढता "आई वं!" करून ओरडली आणि पाय धरून वाकली. बाकीच्या बाया हसल्या. मामाजींनी तिच्याकडे पाहिलं.

"नशिबाची आहे ते," ते हळूच म्हणाले. "तिले दुखते."